साडेपाच हजारांतली तीन घरे

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतात मरिकाना नावाचे खाणीचे गाव आहे. जमिनीच्या पोटात प्लॅटिनम आणि जमिनीच्या पाठीवर गंजलेल्या पत्र्याच्या झोपड्या, असा तेथील संसार! लोनमिन नावाच्या कंपनीने तेथील खाणींच्या हक्कापोटी सरकारला लेखी वचन दिले होते की, २०११ सालापर्यंत कामगारांसाठी साडेपाच हजार घरे बांधून देऊ. मुदत सरली तेव्हा प्रत्यक्षात उभी होती ती तीन घरे. वाचकांनी हा मुद्रणदोष समजू नये. तीन हजार नव्हे, तीनशे नव्हे, तीन. आणि तीही नमुन्यादाखल बांधलेली.

पुढच्याच वर्षी खडकात सुरुंगाची भोके पाडणाऱ्या कामगारांनी महिना साडेबारा हजार रँड वेतनाची मागणी करून काम बंद केले. त्या धामधुमीत प्रथम कामगार, पहारेकरी आणि पोलीस मिळून दहा माणसे मेली. आणि १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडून ३४ खाणकामगारांचे मुडदे पाडले. हा गोळीबार गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीत झाला असता तर त्यावर लिहिण्यासारखे नवे काही नव्हते. परंतु तो झाला तेव्हा त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष कृष्णवर्णीय होता, पोलीसमंत्री कृष्णवर्णीय होता, पोलीसप्रमुखही कृष्णवर्णीय होती. एवढेच काय, लोनमिनच्या संचालक मंडळावर सिरिल रामाफोसा बसलेले होते! १९८२ साली ज्यांनी खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १९८७ साली तीन आठवड्यांचा प्रचंड संप लढवून खाणमालकांना घाम फोडला, तेच हे रामाफोसा. 'कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणा'च्या धोरणान्वये त्यांच्या शांडुका कंपनीने लोनमिनच्या कृष्णवर्णीय भागीदार कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. गोळीबाराच्या आदल्या दिवशी संपकऱ्यांविरुद्ध कठोर कारवाई व्हावी अशा आशयाची पत्रे त्यांनी धाडल्याचे पुढे चौकशी आयोगापुढे आले. आयोगाने त्यांना हत्याकांडाबद्दल दोषी धरले नाही, हे न्यायबुद्धीने नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. २०१७ साली त्यांनी आपल्या भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि २०१८ पासून ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे, कारण या धोरणावरून जगभर कोलाहल माजला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढून दक्षिण आफ्रिकेची मदत तोडली आणि तेथील आफ्रिकानर गोऱ्यांना 'निर्वासित' म्हणून आश्रय देऊ केला. मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी विमानाने तिकडे पोहोचलीसुद्धा! प्रिटोरियात जन्मलेले कोट्यधीश इलॉन मस्क यांनी तर आपण कृष्णवर्णीय नसल्यामुळे आपल्या उपग्रहसेवेला जन्मभूमीत परवाना मिळत नाही, असा गळा काढला. दळणवळणाच्या परवान्यासाठी तीस टक्के मालकी पूर्वी नाडल्या गेलेल्या वर्गांकडे असावी, असा तेथील नियम आहे, त्याला उद्देशून हा आक्रोश. या मंडळींच्या मते सबलीकरण म्हणजे उलटा वर्णद्वेष.

या कांगाव्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. जो देश आज निर्मळ गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांचा लाडका झाला आहे, त्याने १९११ साली कायदा करून खाणीतील कुशल कामे गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यास वाट करून दिली. १९१३ साली दुसरा कायदा करून, लोकसंख्येत दोन तृतीयांश असलेल्या आफ्रिकनांना देशातील सुमारे सात टक्के जमिनीवर कोंडले. १९३६ साली मोठे औदार्य दाखवून ते प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले. १९५० साली कोणत्या वर्णाने कोठे राहावे व कोठे दुकान थाटावे हेही सरकारने ठरवले. १९५३ साली शिक्षणाचा कायदा झाला आणि आफ्रिकन मुलाला अंगमेहनतीपलीकडचे शिक्षण देऊन करावयाचे काय, असा सवाल खातेमंत्री फेरवूर्ट यांनी उघडपणे टाकला. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्सन यांनी १९७२ साली हिशेब मांडून दाखवले की, सोन्याच्या खाणीतील कृष्णवर्णीयाचे रोख वेतन, महागाई वजा जाता, १९६९ साली १९११ पेक्षा वाढलेले नव्हते. अठ्ठावन्न वर्षे! या काळात जोहान्सबर्ग वाढून त्याचे महानगर झाले, आणि ते ज्याच्या घामावर झाले त्याच्या पगारात दमडीची भर पडली नाही. त्या देशात पहिला आफ्रिकन चार्टर्ड अकौंटंट १९७६ साली झाला, यावरून गुणवत्तेची दारे कोणी आणि किती काळ बंद ठेवली होती हे वाचकांच्या ध्यानी येईल.

आणि याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. इंग्रजांशी झालेल्या १८९९ ते १९०२ च्या युद्धात आफ्रिकानर शेतकरी पुरता नागवला गेला होता. १९३२ साली कार्नेगी आयोगाने सुमारे तीन लाख गोरे अत्यंत दरिद्री असल्याचे सांगितले. या दरिद्री गोऱ्यांना 'बाजारपेठेच्या नियमां'वर सोडून दिले गेले काय? मुळीच नाही! १९२४ नंतरच्या सरकारने रेल्वेत त्यांना नोकऱ्या दिल्या आणि त्यासाठी कृष्णवर्णीयांना हटवले. १९२८ साली सरकारी पोलाद कारखाना काढला. सानलाम ही विमा कंपनी १९१८ साली आणि फोल्क्सकास ही बँक १९३४ साली आफ्रिकानरांच्या पैपैशातून उभी राहिली. १९३९ साली ब्लूमफाँटेनला आर्थिक परिषद भरवून समाजाचे भांडवल एकवटण्याचा निर्धार केला गेला. पुढे १९६० नंतरच्या दशकात तर अँग्लो अमेरिकन या इंग्रजी भांडवलाच्या बलाढ्य कंपनीने राज्यकर्त्यांशी सलोखा राखण्यासाठी जनरल मायनिंग ही खाणकंपनी आफ्रिकानरांच्या ताब्यात जाऊ दिली. एका वंशाचे, सरकारी बळावर, दुसऱ्याच्या मुंडीवर पाय देऊन घडवलेले हे सबलीकरणच होते. ज्यांचे आजोबा त्या शिडीवरून माडीवर चढले, त्यांनीच आता शिडी हा वर्णद्वेष आहे असे सांगावे, याला निर्लज्जपणाची परिसीमा म्हणावयाची नाही तर काय? २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती आणि आफ्रिकनांकडे केवळ ४ टक्के. २०२२ च्या शिरगणतीत गोऱ्यांचे प्रमाण ७.३ टक्के होते. मोठ्या पदांवरील पाच माणसांपैकी सुमारे तीन अद्यापही गोरी आहेत. हे ज्यांना छळाचे चित्र वाटते त्यांच्या दृष्टीला आमचा नमस्कार!

तेव्हा सबलीकरण हवेच; त्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. देशाच्या १९९६ च्या घटनेने पूर्वी नाडलेल्यांसाठी विशेष उपाय करण्यास समतेच्या कलमातच मुभा दिली आहे, आणि ते योग्यच आहे. आमचे भांडण आहे ते सबलीकरणाच्या नावाने प्रत्यक्षात जे घडले त्याच्याशी.

घडले ते असे. १९९३ साली, पहिली निवडणूकही झालेली नसताना, त्याच सानलामने आपल्या मेट्रोपॉलिटन या विमा कंपनीचा दहा टक्के हिस्सा डॉक्टर मोटलाना यांच्या मंडळींना दिला. १९९६ साली जॉनिक ही कंपनी रामाफोसा यांच्या नेतृत्वाखालील संघाकडे देण्यात आली. देणारी कोण? तीच अँग्लो अमेरिकन! तीस वर्षांपूर्वी नव्या सत्ताधाऱ्यांना जो नैवेद्य दाखवला तोच आता दुसऱ्या देव्हाऱ्यात. माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांचे बंधू मोएलेत्सी एम्बेकी यांनी २००९ साली आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले की, ही कल्पना मुळात गोऱ्या भांडवलदारांच्या डोक्यातली आहे आणि नवे राज्यकर्ते आपल्या बाजूला वळवून घेणे हा तिचा हेतू आहे. राष्ट्राध्यक्षांच्या घरातूनच हे सांगितले गेले, म्हणून आम्ही त्याला वजन देतो.

आता या व्यवहाराची रीत पाहा. ज्याला कोणतेही भांडवल साठवू दिले गेले नाही, तो शेअर घेणार कशाने? कर्जाने. एक कागदी कंपनी काढावयाची, तिने बँकेकडून अथवा खुद्द शेअर विकणाऱ्या कंपनीकडूनच कर्ज घ्यावयाचे, लाभांशातून व्याज फेडावयाचे, आणि दहा वर्षांनी भाव चढला असेल तर जे उरेल ते आपले. भाव पडला तर? १९९७-९८ साली आशियातील पेचप्रसंगाच्या लाटेत बाजार कोसळला, व्याजाचे दर भडकले आणि पहिल्या फळीतील अनेक व्यवहार पत्त्यांच्या बंगल्यासारखे ढासळले. सासोल या तेल-कंपनीने २००८ साली 'इन्झालो' नावाची मोठी योजना काढली. हजारो सामान्य कृष्णवर्णीयांनी आपली शिल्लक तीत घातली. २०१८ साली मुदत भरली तेव्हा कर्ज वजा जाता त्या सामान्य भागधारकाच्या हाती शून्य आले. बँकेचे व्याज मात्र बुडाले नाही! आमच्याकडील सावकारीची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात अपरिचित काहीही वाटणार नाही.

२००३ साली 'व्यापक पायावरील' सबलीकरणाचा कायदा झाला आणि २००७ साली त्याची गुणपत्रिका आली. मालकीला इतके गुण, व्यवस्थापनाला इतके, प्रशिक्षणाला इतके, कृष्णवर्णीय पुरवठादारांकडून खरेदीला इतके. गुणांनुसार कंपनीची पायरी, आणि पायरी पाहून सरकारी ठेका. कागदावर योजना वाईट नाही. उलट पहिल्या दहा वर्षांच्या चुका ध्यानी घेऊनच ती आखली होती. परंतु जेथे दाखल्याला किंमत आली तेथे दाखल्यांचा बाजार भरलाच म्हणून समजावे. गोऱ्या मालकाने नाममात्र कृष्णवर्णीय भागीदार पुढे उभा करावयाचा, कधी तर माळ्याला किंवा मोलकरणीला न कळवताच संचालक म्हणून दाखवावयाचे, असे प्रकार तेथे उघडकीस आले. आमच्या भाषेत याला 'बेनामी' हा जुना शब्द आहे. २०१३ च्या दुरुस्तीने हा गुन्हा ठरवून दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, यावरूनच रोग किती फैलावला होता ते दिसते.

त्यातले एक प्रकरण तर नाटकात घातले तर खोटे वाटेल. सरकारी प्रवासी रेल्वेने स्विफाम्बो नावाच्या कंपनीला साडेतीन अब्ज रँडांचा इंजिनांचा ठेका दिला. या कंपनीला रेल्वेच्या कामाचा अनुभव नव्हता. इंजिने बनवणारी परदेशी कंपनी निराळीच होती. स्विफाम्बो हा नुसता मुखवटा. इंजिने आली ती तेथील लोहमार्गाला न मानवणाऱ्या उंचीची! न्यायालयाने २०१७ साली ठेका रद्द केला आणि २०१८ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ज्या पैशात रोज पहाटे लोंबकळत कामावर जाणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरासाठी गाड्या धावावयाच्या, तो पैसा सबलीकरणाच्या नावाखाली वाया गेला. फ्री स्टेट प्रांतात फ्रेडे येथे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी म्हणून काढलेल्या दुग्धप्रकल्पाची कथाही वेगळी नाही. झोंडो आयोगाने त्या पैशाला फुटलेल्या वाटांवर कडक ताशेरे ओढले आहेत, आणि त्या वाटा सहारणपूरहून तेथे जाऊन गब्बर झालेल्या गुप्ता बंधूंच्या दिशेने जातात, हे वाचताना आम्हा भारतीयांची मान खाली जाते. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली त्या देशात गेले होते ते मुदतबंद मजुरांवरील तीन पौंडांच्या जुलमी पट्टीविरुद्ध शब्द टाकण्यासाठी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेलेल्या कोकणी मुसलमानांचे वंशज आजही केपटाऊनमध्ये आहेत. या कायद्याच्या व्याख्येत आफ्रिकनांच्या जोडीला तेथील भारतीय वंशाचे नागरिकही मोडतात, आणि गोऱ्यांनी त्यांनाही नाडले होते म्हणून ते रास्त आहे. परंतु आपल्या माणसांनी त्या भूमीत मिळवलेला मान दुसऱ्या आपल्या माणसांनी कोठे नेऊन ठेवला!

याचा अर्थ सर्वच व्यर्थ गेले असे नव्हे. जेथे १९७६ साली एक आफ्रिकन अकौंटंट होता तेथे आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. कचेऱ्यांत, रुग्णालयांत, बँकांत नवा मध्यमवर्ग उभा राहिला आहे. ते सारे या धोरणाचे आणि १९९८ च्या समान-नोकरी कायद्याचे फळ आहे आणि ते नाकारणारे आंधळे होत. परंतु त्याच देशात आज कामधंदा शोधणाऱ्या दर तिघांपैकी जवळजवळ एक बेकार आहे. जागतिक बँकेने २०२२ साली १६४ देशांची तुलना केली तेव्हा विषमतेत पहिला क्रमांक याच देशाचा आला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथीच्या शंभर मुलांपैकी ८१ मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ सांगता आला नाही. फेरवूर्टने जे कायद्याने केले ते स्वराज्यात हेळसांडीने चालू राहिले आहे, आणि या ८१ मुलांना शेअरबाजारातील कोणत्या कंपनीवर कोणता संचालक कृष्णवर्णीय आहे याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

दुसरी वाट नव्हती काय? होती; आणि ती त्याच देशातील माणसांनी चालून दाखवली आहे. मरिकानापासून फार दूर नसलेल्या रस्टेनबर्गजवळ बाफोकेंग नावाची जमात राहते. एकोणिसाव्या शतकात तिच्या प्रमुखाने, मोखात्लेने, जमातीचे तरुण किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत मजुरीस पाठवले, त्यांच्या मिळकतीतला वाटा सामाईक पेटीत घेतला आणि त्या पैशातून आपलीच बळकावलेली भूमी विकत घेतली. स्वतःच्या नावे खरेदीखत करता येईना म्हणून ते जर्मन पाद्र्याच्या नावे करवून घेतले! पुढे त्या भूमीत प्लॅटिनम सापडले आणि दीर्घ न्यायालयीन झुंजीनंतर खाणकंपनीला जमातीचा हक्क मान्य करावा लागला. आज तेथे शाळा आणि रस्ते त्या पैशातून झाले आहेत. तेथे सारे गोडच आहे असे नाही. राजघराण्याच्या कारभाराविषयी जमातीतूनच तक्रारी आहेत, दावेही आहेत. तथापि तेथे भांडण होते ते स्वतःच्या मालमत्तेच्या हिशेबावरून.

याहूनही बोलके उदाहरण कुंबा या लोहखनिज-कंपनीचे आहे. तिने कामगारांना शेअरचा वाटा देणारी योजना आखली. २०११ च्या अखेरीस मुदत भरली तेव्हा सहा हजारांहून अधिक कामगारांच्या पदरी, कर वजा होण्यापूर्वी, प्रत्येकी पाच लाख रँडांहून अधिक रक्कम पडली. लोहखनिजाचा भाव त्या वेळी चढा होता हे खरे, आणि खर्च कसा करावा याची जाण नसलेल्यांचा पैसा लवकर उडाला हेही ऐकू येते. उडो! श्रीमंतांच्या पोरांचा उडतो तेव्हा कोणी चौकशी आयोग नेमत नाही. कायदा तोच, देश तोच, सालही जवळपास तेच. एका खाणीत खोदणाऱ्यालाच भागीदार केले आणि दुसऱ्या खाणीत खोदणाऱ्याच्या नावाने दुसराच भागीदार झाला. मरिकानाचा गोळीबार याच्या नऊ महिन्यांनंतरचा आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की, मालकीचे गुण द्यावयाचे तर प्रथम त्या कंपनीत घाम गाळणाऱ्या कामगारांच्या आणि ज्यांच्या जमिनीवर ती उभी आहे त्या गावांच्या हिश्श्याला द्यावेत. एकदा दोनदा सबल झालेल्या त्याच त्या आडनावांना तिसऱ्यांदा सबल करण्याची सरकारला काय गरज? घरे, शाळा, पाणी यांची जी लेखी वचने कंपन्या परवान्यासाठी देतात ती न पाळणाऱ्यांचा परवाना रद्द करण्याची हिंमत एकदा तरी दाखवावी. गोऱ्यांचा पाठिंबा असलेला डेमोक्रॅटिक अलायन्स हा पक्ष २०२४ च्या निवडणुकीनंतर सत्तेत भागीदार झाला आहे आणि वर्णाऐवजी दारिद्र्य हा निकष लावा असे म्हणू लागला आहे. बोल ऐकावयास गोड आहे. परंतु त्या देशात दारिद्र्याला वर्ण कोणी दिला, याचे उत्तर दिल्याविना वर्ण पुसून टाकण्याची घाई आम्हाला संशयास्पद वाटते. निकष वर्णाचा ठेवावा आणि त्याच्या आत दारिद्र्याचाही लावावा; दोन्ही एकत्र लावण्यास कायदा आडवा येत नाही, आड येतात ते वर बसलेल्यांचे हितसंबंध.

व्यापारमंत्र्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये शंभर अब्ज रँडांच्या 'परिवर्तन निधी'चा मसुदा प्रसिद्ध केला. पाच वर्षे, दरसाल वीस अब्ज, आणि लाभ कृष्णवर्णीय उद्योजकांना. रक्कम लहान नाही. तिच्यावर गिधाडे आत्ताच घिरट्या घालू लागली असतील. निधीच्या वाटपाची पहिली बैठक प्रिटोरियातील वातानुकूलित दालनात न भरवता मंत्रिमहोदयांनी ती मरिकानाच्या शेजारच्या न्कानेंग वस्तीत, पत्र्याच्या झोपडीत भरवावी. लोनमिन २०१९ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. साडेपाच हजारांच्या जुन्या वचनाचे पुढे काय झाले, ते प्रथम त्या चौतीस जणांच्या विधवांना तेथे वाचून दाखवावे, आणि मगच पहिल्या अब्जाच्या कागदावर सही करावी.